विहिणीच्या एक पायरी मागे

आमच्या घरात तूरडाळ दोन ठिकाणी सापडते. एक स्वयंपाकघरात, आणि दुसरी माझ्या पाठपिशवीत, दोन जाड पिशव्यांत चिकटपट्टीने घट्ट बंद केलेली. आमच्या यांची कळमन्याच्या बाजारात धान्याची अडत आहे, तेव्हा पाठीवर वजन म्हणून काय घ्यायचं याचा मला विचार करावा लागला नाही. आमच्या गटात कुणी वाळू भरतं, कुणी विटा. एकाने तर घरातला वरवंटा आणला होता. डाळ सगळ्यांत बरी. पाठीला टोचत नाही आणि अंगाच्या वळणाने बसते. हे मी अनुभवाने सांगते आहे, कारण ती डाळ नागपुरातल्या प्रत्येक चढावर माझ्याबरोबर जाऊन आली आहे आणि अजून शिजलेली नाही.

हा गट प्रणाली चालवते. वय पस्तिशीचं, धंदा लोकांचे गुडघे आणि कंबरा सरळ करण्याचा, आणि आवाज असा की सेमिनरी हिल्सवर तिने वरून "चला" म्हटलं की खाली झोपलेले कुत्रे उठून बसतात. दर रविवारी सकाळी ती आम्हाला पिशव्यांसकट टेकडी चढवते, उतरवते आणि पुन्हा चढवते. कधी रामटेकला नेते. हे सगळं मे महिन्यासाठी. मेमध्ये उत्तराखंडातली एक बर्फाची खिंड चालत ओलांडायची, आणि त्याआधी फेब्रुवारीत पचमढीला परीक्षा द्यायची. परीक्षा म्हणजे लागोपाठ दोन दिवस, पाठीवर वजन घेऊन, पहिल्या दिवशी चौरागड आणि दुसऱ्या दिवशी धूपगड. जे दोन्ही नीट चढतील तेच मेमध्ये येतील. "हिमालयात तुम्हाला उचलून आणायला कोणी रिकामं नाही," असं प्रणालीने आम्हाला सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं.

मला ती खिंड हवी होती. चोपन्न वर्षांत मी प्रवास काही कमी केला नाही, पण प्रत्येक प्रवासाला काहीतरी काम चिकटलेलं होतं. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाला मुंबईच्या डॉक्टरला दाखवणं, सासूबाईंच्या अस्थी. नुसतं चालायला, आणि तेही आपल्याला वाटलं म्हणून, मी कधी घराबाहेर पडले नव्हते. इतक्या उंचावर श्वास कसा लागतो, बर्फावर पाय ठेवला की आवाज होतो का, तिथे भात शिजायला खरंच इतका वेळ लागतो का, असले प्रश्न मला भाजी निवडताना पडायचे. उत्तरं फोनवर मिळत होती, पण मला ती स्वतः जाऊन काढायची होती.

आणि मग थंडीतल्या एका रविवारी टेकडीच्या पायथ्याशी माझी विहीण उभी दिसली.

मालतीबाई. माझी लेक गौरी त्यांच्या अमोलला दिली आहे. दोघं पुण्याला असतात. मालतीबाई हिंगण्याला राहतात. त्यांचे यजमान तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाले. काटोलकडे त्यांची संत्र्याची थोडी बाग आहे, तिचं सगळं बाईच पाहतात. गौरीने फोनवर सासूला माझं कौतुक सांगितलं असणार. त्या आल्या त्या पाचवारी साडी, वर अमोलचा जुना स्वेटर आणि पायात नवेकोरे पांढरे बूट घालून.

"गौरी म्हने, माही आई डोंगर चढून राहिली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आपनही पाहावं."

ज्यांना विहीण नाही त्यांना माझी अडचण कळायची नाही. मुलाची आई बसल्याशिवाय मुलीच्या आईने बसायचं नाही. पान तिचं आधी वाढायचं. रस्त्याने बरोबर चाललो तर ती पुढे आणि आपण एक पाऊल मागे. हे कुणी शिकवत नाही, अंगातच असतं. आमच्यात भांडण असतं तर सोपं होतं. पण आमचं फार चांगलं आहे, आणि चांगल्या विहिणी एकमेकींना इतका मान देतात की त्यात कामं अडून राहतात.

प्रणालीला या कशाशी देणंघेणं नव्हतं. गटात प्रत्येकाला एक जोडीदार असतो. जोडीने हाकेच्या अंतरात राहायचं, दमलं की तोंडाने बोलायचं, तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, आणि पास झाली तर पूर्ण जोडी पास, नापास झाली तर पूर्ण जोडी नापास.

"तुम्ही दोघी ओळखीच्या आहे न? मग झालं," ती म्हणाली. "जोडी फिक्स."

तामियाच्या वाटेने

महाशिवरात्रीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही निघालो. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये खिडकीची जागा अर्थातच मालतीबाईंना. त्यांनी ती नाकारली, मी आग्रह केला, त्यांनी पुन्हा नाकारली, आणि सावनेरपर्यंत खिडकीशी कुणीच बसलं नाही. तिथे आमच्या दोघींच्या पिशव्या ठेवल्या होत्या. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी संगीताबाई होत्या. त्या बँकेत आहेत. त्यांची जोडीदारीण ऐनवेळी तापाने आडवी झाली, त्यामुळे त्या एकट्याच आल्या होत्या आणि तोंड पाडून बसल्या होत्या.

मला सीमा कुठे संपते ते बघायची फार हौस. सावनेर सुटलं, मध्य प्रदेशाची पाटी आली, पण माणसं काही बदलली नाहीत. सौंसरला चहाच्या टपरीवर बायका आमच्यासारखंच बोलत होत्या, "काहून वं, उशीर झाला का?" फरक पुढे छिंदवाड्याला कळला, आणि तोही पोह्यांत. पोहे मागितले तर वर शेव आली, शेजारी जिलेबी आली, पण वर ओतायची झणझणीत तर्री नाही. आम्ही नागपूरकर पोह्यांकडे पाहत बसलो. दुकानदाराला तर्री म्हणजे काय हे मी हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मतलब आप लोग नाश्ते में सब्ज़ी का पानी डालते हो?" मला राग यायला हवा होता, पण बाहेरच्या माणसाला ते तसंच दिसत असणार. जिलेबीबरोबर पोहे मात्र चांगले लागतात. घरी करून पाहिले, यांनी पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि मग ताट पुसून घेतलं.

मालतीबाईंनी डबा उघडला तो सांबारवड्यांचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि तिच्या या तळलेल्या वड्या मालतीबाईंसारख्या मी कुणाच्या हातच्या खाल्लेल्या नाहीत. तामियाला दरीच्या काठावर उभं राहून आम्ही त्या संपवल्या. पळस नुकता फुलू लागला होता. खाली एकामागे एक डोंगर निळे होत गेले होते. प्रणाली प्रत्येकाच्या कानाशी येऊन "तेलकट कमी खा" म्हणत होती आणि स्वतः तिसरी वडी उचलत होती.

चौरागड

विदर्भातली खेडी या डोंगराला मोठा महादेव म्हणतात. नवस फेडायला माणसं लोखंडी त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात आणि वर देवळापाशी रोवून येतात. कुठला हातभर, कुठला माणसापेक्षा उंच, दोघा-तिघांनी मिळून वाहायचा. आम्ही गेलो तेव्हा यात्रा भरायला लागली होती. पिवळे पटके, डफ, "हर बोला महादेव", लिंबूसरबताच्या गाड्या, पायऱ्यांच्या कडेला बसलेली वानरं. आणि त्या सगळ्यांत आम्ही, पाठीवर डाळ, वाळू आणि वरवंटा घेऊन, मनगटावरच्या घड्याळात नाडी बघत चाललेलो.

एका वळणावर एक काकाजी आणि त्यांची बायको टेकले होते. काकाजींच्या खांद्याला फडक्याची चुंबळ, तिच्यावर त्रिशूळ. नरखेडकडचे. माझ्या पिशवीकडे त्यांचं लक्ष गेलं.

"बाई, काय नेऊन राहिल्या एवढं?"

"तूरडाळ."

"दान हाय का?"

"नाही. नुसतं वजन आहे, सरावाला."

"म्हंजे वर ठेवाची नाई?"

"नाही. परत न्यायची."

काकाजींनी बायकोकडे पाहिलं, बायकोने आभाळाकडे. "आमचं तं वर ठेवलं का हलकं होते," ते म्हणाले. "तुमचं हलकं कव्हा होते?"

मीच उलट विचारलं, त्रिशूळ कशाचा. नातू चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, म्हणून नवस बोलले होते. "आता बोलते," काकू म्हणाल्या. "इतकं बोलते का घरात दुसऱ्या कोनाले बोलू देत नाई. महादेवाले सांगाचं हाय, आता जरा आवर म्हनून." मग दोघंही उठून चालायला लागले आणि बघता बघता आमच्या पुढे गेले.

आता आमचं काय चाललं होतं ते सांगते. मालतीबाई पुढे, मी एक पायरी मागे. मी सबंध चढ त्यांच्या टाचा बघत चढले. शेताची सवय असलेल्या बाईच्या टाचा, एका लयीत पडणाऱ्या. अर्ध्या वाटेवर मला घसा कोरडा पडल्याचं जाणवलं. बाटली काढली, पण विहिणीच्या आधी आपण कशी तोंडाला लावायची? ती पुढे केली. "घ्या मालतीबाई."

"नाई नाई, तुमी घ्या."

"अहो घ्या ना, मग मी घेते."

"मले नाई लागली तहान. तुमी घ्या."

त्यांनी घेतलं नाही, मग मीही बाटली परत ठेवली. पुढच्या टप्प्यावर त्यांनी आपली बाटली माझ्यापुढे केली आणि मी "आधी तुम्ही" म्हणाले. तिचीही तीच गत झाली. ऊन तापत गेलं. त्या थांबतील तर मी थांबेन म्हणून मी त्यांच्या पाठीकडे आशेने बघत होते, आणि त्या काही थांबत नव्हत्या. आम्ही वर पोचलो, आणि वर मात्र मी सगळं विसरले. देवळाभोवती नुसते त्रिशूळ. एकावर एक रेललेले, गंजलेले, नवे, शेंदूर लावलेले. कुणाचं लग्न, कुणाचं पोर, कुणाची नोकरी, काय काय मागितलं असेल या लोकांनी. प्रत्येकाजवळ जाऊन, हा कशाचा, म्हणून विचारावंसं वाटत होतं. तेवढ्यात प्रणालीने हाक मारली आणि उतरायला लागलो.

उतरताना निम्म्या वाटेवर मालतीबाई एकदम खाली बसल्या. पोटरीत गोळा आला होता, पाय लाकडासारखा ताठ. मी त्यांना धरायला वाकले आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मीही त्यांच्याशेजारी बसले. लोक गोळा झाले. एका सरबतवाल्याने दोन पेले पुढे केले, आणि आम्ही दोघी एकाच वेळी म्हणालो, "आधी यांना द्या."

सगळ्यांत मागून येणारी प्रणाली आमच्यापाशी पोचली. तिने आमच्या पिशव्या उचलल्या. वजन बघून तिने बाटल्या बाहेर काढल्या. सगळ्या काठोकाठ भरलेल्या.

"पाणी काहून नाही पिलं?"

"ह्यांनी घेतलं नाही, म्हणून," मी म्हणाले.

"यायनं घेतलं नाई, म्हून," मालतीबाई म्हणाल्या.

प्रणाली ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, तेच वाईट झालं. आम्हाला मीठ-साखरेचं पाणी पाजून तिने हळू आवाजात सांगितलं, "उद्या धूपगडाला तुम्ही दोघी नका येऊ. खोलीवर आराम करा."

दुपार, व्हरांडा

धूपगड नाही म्हणजे मे नाही, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. जेवण झाल्यावर आम्ही दोघी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसलो. मालतीबाईंचा पाय स्टुलावर. समोर साजाचं उंच झाड, त्यावरून एक वानर आमच्या वाळत घातलेल्या मोज्यांवर डोळा ठेवून होतं. बराच वेळ आम्ही वानरावरच बोललो.

मग मालतीबाई म्हणाल्या, "खरं सांगू का ईहीनबाई, माह्या पायात तं चढतानाच दुखून राहिलं होतं. पन तुमी मांगं होत्या न. मले वाटलं, मुलीकडची सरसर चढून राहिली, अन् आपन कसं बसाचं?"

"सरसर?" मी म्हणाले. "मी तुमच्या थांबण्याची वाट बघत होते. तुम्ही बसला असता तर मी आडवीच झाले असते."

त्या एकदम हसायला लागल्या. मीही. हसताना त्यांच्या पोटरीत पुन्हा गोळा आला, तरी हसणं थांबेना. वानर वैतागून निघून गेलं.

मी विचारलं, "तुम्हाला कशाला जायचंय हो तिकडे?" तीन महिने बरोबर चालत होतो, पण हा प्रश्न मी विचारला नव्हता. विहिणीला असं विचारत नाहीत.

"मले नं," त्या म्हणाल्या, "एकदा अशा ठिकानी जाचं हाय, जेथी मले कोनी वळखत नाई. हिंगण्याले गेली का अमोलची आई, काटोलले गेली का पाटलाची सून. बाजारात गेली तरी कोनी ना कोनी हात करतेच. म्हटलं, दहा दिवस कोनाचीच कोनी नाई राहाचं." त्यांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. "अन् तेथी जाची वाट सापडली, तं ते बी ईहिनीच्याच गटात."

"मला काय माहीत तुम्ही येणार आहात ते. मी आधी आले होते."

"म्हून तं काही बोलली नाई."

मीही माझं सांगितलं. लग्नं, बाळंतपणं, अस्थी, सगळं. आमच्या मुलांच्या लग्नाला तीन वर्षं झाली, आणि आम्ही एकमेकींशी साड्या, लोणची आणि तब्येती यांपलीकडे पहिल्यांदाच बोलत होतो. बोलून झाल्यावर मालतीबाई उठल्या आणि लंगडत प्रणालीच्या खोलीकडे निघाल्या. मी मागे.

"बेटा, आमचं चुकलं," त्यांनी दारातूनच सांगितलं. "पाय आता ठीक हाय. तू मले उद्या पाहून घे, नाई जमलं तं मी सोताच परत जाईन."

मग मी प्रणालीला विहीण म्हणजे काय ते सगळं समजावलं. पान, खुर्ची, एक पाऊल मागे, पाणी. ती आधी ऐकत होती, मग कपाळाला हात लावून हसली. "म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींना मान देऊ देऊ मरून राहिल्या होत्या." तिने मालतीबाईंची पोटरी दाबून पाहिली, त्यांना चालायला लावलं, बसून उठायला लावलं. "ठीक आहे. येऊ देते तुम्हाला. पण उद्या सुनंदाताई पुढे चालतील, तुम्ही मागे. आणि मी शिट्टी वाजवली की दोघींनी पाणी प्यायचं, कोणी कोणाला विचारायचं नाही."

सुनंदाताई म्हणजे मी. मुलीची आई पुढे.

धूपगड

पहिल्या तासाभरात मला सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं. पुढे कुणाच्याच टाचा नव्हत्या. होती ती लाल मातीची पायवाट, साजाची वाळकी पानं, गव्याच्या शेणाचा ताजा पो, जो वाटाड्याने बोटाने दाखवला आणि आम्ही सगळ्यांनी वाकून कौतुकाने पाहिला. घरच्या गाईचा पो आपण असा कधी बघत नाही. शिट्टी वाजली की मी बाटली काढून गटागट प्यायचे. पहिल्या वेळी चोरी केल्यासारखं वाटलं. मागून मालतीबाईंच्या बाटलीचा आवाज आला तेव्हा बरं वाटलं.

आणि मला एक कळलं. मी चांगली चालते. माझी म्हणून एक चाल आहे, जरा तिरकी, चढावर लहान पावलांची, आणि ती मला चोपन्न वर्षांत माहीतच नव्हती, कारण मी कायम कुणाच्या तरी चालीने चालत आले. मला फार आनंद झाला. मी मागे बघून म्हणाले, "मालतीबाई, मस्त वाटतं आहे हो." त्या धापा टाकत म्हणाल्या, "दिसून राहिलं. जरा हळू चला."

शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे पायवाट जीपच्या रस्त्याला भिडते. तिथे पावसाळ्यात पाण्याने कोरलेली एक घळ होती. लहानशी, पोरांनी उडी मारून जावी अशी. मी उडी मारली. पलीकडे पाय टेकला आणि डाव्या पोटरीत कुणीतरी मागून दगड मारावा तसं झालं. मी मागे वळूनही पाहिलं, कोणी मारला म्हणून.

"थांबा," मी म्हणाले. तोंडाने, स्पष्ट, जसं शिकवलं होतं तसं.

मालतीबाई घळीत उतरून पलीकडे चढल्या, माझ्यापुढे मातीत बसल्या आणि माझा बूट सोडायला लागल्या. मी पाय ओढून घेतला. तीन वर्षांपूर्वी मांडवात मी त्यांचे पाय धुतले होते, नव्या पंच्याने पुसले होते, सगळ्या बायकांदेखत. आणि आता त्या माझा मळका मोजा काढत होत्या.

"अहो, नका. काय हे."

"गप बसा," त्या म्हणाल्या. "पाय हाय तो. मानपान नाई." आणि त्यांनी माझा पाय आपल्या मांडीवर घेतला.

प्रणाली आली. तिने पोटरीवरून बोटं फिरवली, एका जागी थांबली, आणि मी कळवळले. "स्नायू थोडा फाटलाय," ती म्हणाली. "भरून येईल, पण वेळ घेईल. मेमध्ये नाही जमणार, ताई." मला रडू आलं आणि मी रडले. चांगल्या चाललेल्या पायाचं मला दुःख होत होतं. कुणी मला समजावलं नाही, हे बरं केलं.

खालून पर्यटकांची एक जीप येत होती. प्रणालीने ती थांबवली. माझी जागा झाली. मग ती मालतीबाईंकडे वळली. "काकू, तुम्ही पुढे संगीताताईंसोबत चाला. त्या एकट्याच आहेत. वर नीट पोचलात तर मेमध्ये तुमची दोघींची जोडी." संगीताबाई थोड्या पुढे उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर दोन दिवसांत पहिल्यांदा काही आशा दिसली.

"नाई बा," मालतीबाई म्हणाल्या. "ईहीनबाईले अशा टाकून मी कशी जाऊ? मी बी जीपमंधीच बसते."

"अहो, माझं काय एवढं," मी म्हणाले. "तुम्ही जा ना."

"नाई नाई."

"खरंच, जा तुम्ही."

"कशी जाऊ? बरं दिसते का?"

जीपवाल्याने हॉर्न वाजवला. मी डोळे पुसले आणि आमच्या दोघींकडे जरा लांबून पाहिल्यासारखं पाहिलं. मी ज्या सुरात "जा ना" म्हणत होते, त्या सुरात म्हटल्यावर कुठलीही घरंदाज बाई जाणार नाही. तो सूर जाऊ नका सांगायचाच असतो. आणि खरं तर मला ती जायला नकोच होती. मी जाणार नाही, तर तिनेही जाऊ नये, असं माझ्या मनात कुठेतरी होतंच.

"मालती," मी म्हणाले. तीन वर्षांत त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची माझी हिंमत झाली नव्हती. "मला ती खिंड पाहिजे होती. आता ती मिळत नाही आणि मला फार वाईट वाटून राहिलं. त्यात तू जीपमध्ये येऊन बसलीस, तर मला तुझा राग येईल, आणि तो गौरीच्या घरी आले की दरवेळी गिळावा लागेल. मला ते नको. ऊठ आणि चाल."

मालतीबाईंनी माझा पाय मांडीवरून उचलून जपून खाली ठेवला. त्यांची बाटली संपली होती. त्यांनी माझ्या पिशवीतली भरलेली काढली, उभ्या उभ्या अर्धी प्यायल्या, उरलेली आपल्या पिशवीत टाकली, साडीचा काठ खोचला आणि निघाल्या.

धूपगड हे सातपुड्यातलं सगळ्यांत उंच टोक. मी तिथे जीपने पोचले, मागच्या सीटवर पाय लांब करून, एका कुटुंबाच्या चिप्सच्या पाकिटांमध्ये. वर सिमेंटचे ओटे आहेत, कठडा आहे, आणि कठड्यापलीकडे डोंगरच डोंगर. मी एका ओट्यावर बसून चढाच्या वाटेकडे डोळे लावले. त्यांचा पाय पुन्हा आखडला तर? आणि मग, नाही आखडला तर? दोन्ही प्रश्न मला सारखेच टोचत होते.

त्या आल्या. संगीताबाई मागे, त्या पुढे, चेहरा लालबुंद, स्वेटर कमरेला बांधलेला. त्यांनी मला पाहिलं, पण लगेच माझ्याकडे आल्या नाहीत. सरळ कठड्यापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाठीवर वजन तसंच. मी हाक मारली नाही. प्रणालीने त्यांच्या खांद्यावर थाप मारली आणि काहीतरी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा समोर बघत राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्या येऊन माझ्याशेजारी ओट्यावर टेकल्या. दोघी समोर बघत होतो. ऊन कलायला लागलं होतं.

"मला तुझा हेवा वाटतो आहे," मी म्हणाले.

मी वाट बघत होते, त्या "नाई नाई" म्हणतील, काहीतरी समजुतीचं बोलतील. त्यांनी पदराने कपाळाचा घाम पुसला.

"वाटू दे वं," मालती म्हणाली. "मले आवडून राहिला तो."